बॅटरी गल्लीतली सहावी खोली

बदरुद्दीनने घर घेतलं आणि मरियमला विचारलंसुद्धा नाही. बरं, नाही विचारलं तर नाही, गुपचूप बसावं की नाही माणसानं? पण हा पठ्ठ्या जिना चढून आला तो हातात मिठाईचा पुडा घेऊन!

“कसली मिठाई?” मरियमने विचारलं.

“घर घेतलं.”

मरियमच्या अंगावरून मोरपीस फिरलं. तिला वाटलं, खारघरचा टॉवर. दुसरं वाटणार काय? कामोठ्यातलं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि मरियमचे गुडघे गेलेले. भाजीची पिशवी घेऊन वर येताना ती प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि समोर जी शेजारीण दिसेल तिच्याशी गप्पा मारायचं निमित्त करायची. लोक म्हणायचे, मरियमबी भारी बोलकी. बोलकी कसली डोंबल, धाप लागायची बाईला. तिची नणंद शायमा मात्र खारघरला टॉवरमध्ये राहायला गेली होती आणि फोनवर दर वेळी काही ना काही काढून सांगायची, “भाभी, आमच्या लिफ्टमध्ये आरसा आहे!” त्या आरशाने मरियमच्या डोक्यात घर केलं होतं. बदरुद्दीनने न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात उभी हयात घालवली होती. तो रिटायर झाला, पीएफ हातात आला की टॉवर घ्यायचा, हे तिने मनाशी पक्कं करून ठेवलं होतं.

“कितव्या मजल्यावर?” तिने हळूच विचारलं.

“दोन्ही मजले आपलेच. खाली तीन खोल्या, वर तीन. भाड्याने द्यायच्या.”

“भाड्याने? कुठे?”

“कळंबोली. ट्रक टर्मिनलच्या मागे.” इथे त्याचा आवाज बारीक झाला. “बॅटरी गल्ली.”

आता बॅटरी गल्ली म्हणजे काय, ते त्या बाजूला कुणालाही विचारा. दोन्ही अंगाला ट्रकच्या बॅटऱ्या आणि भोंगे दुरुस्त करणारे. दिवसभर कुठला ना कुठला भोंगा वाजवून बघणं चालू. रस्ता तेलाने काळाकुट्ट. नाक्यावर संध्याकाळपासून पिणाऱ्यांची मैफल, आणि शनिवारी त्या मैफलीत गचांडी धरण्याचा कार्यक्रम. रिक्षावाले आत यायला कां कू करतात. आणि हा शहाणा माणूस म्हातारपणाची सगळी पुंजी त्या गल्लीत ओतून आला होता.

मरियमने मिठाईला हात लावला नाही. त्या रात्री जेवण वाढलं, पण ताट असं आपटलं की खालच्या मजल्यावर कळलं. मग बोलणंच बंद केलं. मुलगी सना पुण्याला नोकरी करायची. तिच्या मार्फत नवराबायकोचा संसार फोनवरून चालू झाला. “अब्बांना सांग, गॅस संपलाय.” “अम्मीला सांग, नंबर लावलाय.” शेवटी सनाच कंटाळली. “तुम्ही दोघं एका खोलीत बसलाय ना? मग एकमेकांना सांगा की!”

रमजान दोन दिवसांवर आला तेव्हा बदरुद्दीनने हात टेकले.

“मरियम, ऐक. मला माहिती आहे, तुला विचारायला हवं होतं. पण मी बंदरावर आयुष्य काढलं. ट्रकवाले, वजनकाट्यावरचे, गोदामातले, तळोज्याच्या कंपन्यांतले, सगळे खोली शोधत वणवण फिरतात. टॉवरवाले त्यांना दारात उभं करत नाहीत. त्यांना कुणीतरी खोली दिलीच पाहिजे ना? आपण देऊ. भाडं कधी अडणार नाही.”

“तिथे कुत्रं राहायला येणार नाही.”

“येतील. ईदच्या नमाजेआधी साही खोल्यांत माणसं राहायला आली नाहीत, तर घर विकून टाकतो. तू बोट दाखवशील त्या टॉवरमध्ये फ्लॅट. लिफ्ट, आरसा, सगळं.”

मरियमने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “खोल्या मी दाखवणार.”

“दाखव.”

एवढ्या पटकन ‘दाखव’ म्हणाला, तिथेच तिने ओळखायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आरसा नाचत होता.

तिची तयारी जय्यत होती. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत भूत आहे, असं सांगायचं. मधल्या खोलीत मागच्या भाडेकरूला साप चावला होता. खालच्या खोलीवर कोर्टात केस चालू आहे. मरियमला गोष्टी रंगवून सांगायची उपजत कला. साधी मासळी आणायला गेली तरी परत येऊन अशी तिखटमीठ लावून सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई लढाईहून आली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते रमजान लागल्यावर. एजंट रूपेश घेऊन आला. रूपेश तिथल्याच गावचा, आगरी पोरगा, जिभेला हाड नाही. सोबत रावसाहेब म्हणून एक लातूरकडचे गृहस्थ, स्टील मार्केटमधल्या वजनकाट्यावर कामाला, आणि मागे त्यांची बायको. मरियम जिन्याजवळ खुर्ची टाकून बसली होती. तिने घसा साफ केला, भुताची गोष्ट काढायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. रोजा! आपला रोजा आहे!

म्हसळ्याला तिची आई होती तोवर एकच वाक्य ऐकवायची. “खोटं बोललीस ना मरियम, तर तो रोजा नाही, नुसती उपाशी बसलीस.” लहानपणी मरियमने पेरू खाऊन नाही म्हटलं होतं, तेव्हा आईने तिला दिवसभर त्या पेरूच्या झाडाखाली उभं केलं होतं. तेव्हापासून अकरा महिने जीभ कशीही चालो, रमजानमध्ये कानाला खडा. आता आली का पंचाईत!

“खोली एकदम मस्त हाय,” रूपेश सुरू झाला. “हवा बगा, उजेड बगा. पानी चोवीस तास...”

“एक तास,” मरियम म्हणाली.

रूपेशने चमकून पाहिलं.

“पहाटे येतं. उठलात तर मिळेल, झोपलात तर गेलं.” आणि बोलता बोलता मरियमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, खोटं हवंय कशाला? खरं काय कमी वाईट आहे? ती सरसावून बसली. “दिवसभर भोंगे वाजतात. दुपारी झोपायचं नाव काढू नका. नाक्यावर लोक पितात. न्हाणीतला नळ गळतो. भिंतीला खिळा ठोकलात तर पोपडा हातात येईल. आणि रिक्षा आत येत नाही, आजारी पडलात तर चालत जायचं.”

“काकी!” रूपेश कळवळला. “तुमी जरा गप बसा ना! आपलंच घर हाय!”

रावसाहेबांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे. आणि मग ते असे काही हसायला लागले की समोरच्या दुकानातला मेकॅनिक भोंगा हातात धरून बघत राहिला.

“बाई,” डोळे पुसत ते म्हणाले, “मागल्या मालकानं चोवीस तास पाणी सांगितलं होतं. आठवड्यानं टँकर आला. त्याच्या आधीच्यानं शांत वस्ती सांगितली, तर भिंतीला लागून लोखंड कापायचं मशीन! आजवर घरं बदलून बदलून जीव गेला, पण खरं सांगणारा मालक पहिल्यांदा बघितला. जिथं सांगून गळतंय तिथं बादली तरी ठेवता येते. देऊन टाका आम्हाला.”

मरियमला तोंडात मारल्यासारखं झालं. रूपेशने घाईघाईने टोकन घेऊन टाकलं. न जाणो, काकीला आणखी काही आठवायची.

घरी इफ्तारला बदरुद्दीन भजी खाता खाता गालात हसत होता.

“हसू नका,” मरियम म्हणाली. “रोज्याच्या महिन्यात दुसऱ्याला चिडवणंसुद्धा मना आहे.”

“मी कुठे हसतोय? भजं गरम आहे.”

नंतर आली बाळाबाई. परभणीकडची, डोक्यावरून पदर, आवाज असा की ट्रकच्या इंजिनावरून ऐकू जावा. टर्मिनलच्या गेटवर ती ड्रायव्हर लोकांना भाकरी-पिठलं करून घालायची. मरियमने तिला सगळा पाढा वाचून दाखवला, आणि शेवटी राखून ठेवलेला हुकमी पत्ता टाकला. “शनिवारी नाक्यावर मारामाऱ्या होतात. एकट्या बाईमाणसानं काय करायचं?”

“कोण करतंय मारामाऱ्या? गण्या आन् त्याचा मेव्हणा?” बाळाबाई कमरेवर हात ठेवून नाक्याकडे वळली. “ए गण्या! म्या हितं राहायला यायले! दंगा केलास तर भाकरी बंद!”

नाक्यावर गण्या नावाचा धटिंगण ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, “नाय मावशी.”

खालची मधली खोली गेली.

मग तळोज्याच्या एका कंपनीतला फिटर आणि त्याची बायको. मग तबरेज म्हणून कंटेनर चालवणारा एक तरुण, म्हाताऱ्या आईला घेऊन. तबरेजच्या आईला तर मरियमने जिन्याची एक फरशी हलते हेसुद्धा सांगितलं. म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बेटी, तू सांगितलंस म्हणून मी तिच्यावर पाय देणार नाही. न सांगणाऱ्यांनी मला दोनदा पाडलंय.” रूपेश तर गिऱ्हाईकांना सांगायलाच लागला होता, “चला, खरं बोलनारी काकी दाखवतो.” लोक खोली बघायला कमी आणि काकीला बघायला जास्त येत होते.

मरियमचा नुसता जळफळाट चालला होता. चार खोल्या भरल्या, आणि त्या तिच्याच हाताने! रमजानचा अर्धा महिना अजून बाकी होता.

त्यातल्या एका संध्याकाळची गोष्ट. रूपेशने एका जोडप्याला वेळ दिली होती आणि ते जोडपं ट्रॅफिकमध्ये अडकलं. मार्चचं ऊन दिवसभर टाळूवर बसलेलं. मरियम जिन्याखाली खुर्चीत वाट बघून बघून थकली. सूर्य बुडायला आला. तिने पर्स उघडली. खजुराची डबी घरीच राहिलेली. पाण्याची बाटलीही नाही. घसा कोरडा ठणठणीत, आणि गल्लीत भोंग्यांचा कल्ला असा की अजान ऐकू येणं लांबच, स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. तिला एकदम रडूच आलं. गुडघे दुखत होते, नवऱ्याचा राग होता, सगळं एकदम दाटून आलं.

बाळाबाई दारात पीठ चाळत होती. तिने मान वर करून पाहिलं.

“आवं बाई, तुमचा उपास आज सुटायचा न्हाय का?”

“अजान झाली की. पण इथे ऐकू येत नाही.”

बाळाबाईने चाळणी खाली ठेवली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि एकच आरोळी ठोकली. “ए! बंद करा रे ते भोंगे! मालकीणबाईचा उपास सुटायचाय!”

एक भोंगा थांबला. मग दुसरा. कुणीतरी ग्राइंडर बंद केला. नाक्यावर गण्याने रेडिओचा कान पिळला. बॅटरी गल्लीत शांतता पसरली. त्या गल्लीला शांतता असते, हेच मरियमला ठाऊक नव्हतं. लांबून, टर्मिनलच्या पलीकडून, अजानचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. गल्लीतले सगळे हातातलं काम हातात धरून उभे होते आणि मरियमकडे बघत होते.

बाळाबाईने तिच्या हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला. “खजूर न्हाई मह्याकडं. गूळ चालतो का?”

“चालतो,” मरियम म्हणाली. त्या गुळासारखा गूळ तिने जन्मात खाल्ला नव्हता. मागोमाग तव्यावरची भाकरी आणि ठेचा आला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं आणि ते बरंच झालं, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात ते जोडपं पोचलं. मुलगी गरोदर, घामाघूम झालेली. मरियमने आपला नेहमीचा पाढा सुरू केला. पाणी एक तास. भोंगे. नळ. पोपडे. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि शेजार कसा आहे, काकी?”

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मरियमने आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं. वाईट तेवढं सगळं सांगायचं आणि चांगलं गिळून टाकायचं, हे खरं बोलणं झालं का? आई असती तर पुन्हा पेरूच्या झाडाखाली उभं केलं असतं. तोंडात अजून ठेच्याची चव होती.

“शेजार,” मरियमने हताश होऊन सांगितलं, “शेजार लाखात एक आहे.”

पाचवी खोली गेली.

उरली एकच, वरच्या कोपऱ्यातली. तिथे पावसात छताच्या सांध्यातून पाणी येतं, हे मरियम सांगायची आणि लोक मान हलवून निघून जायचे. रमजान सरत आला. बदरुद्दीनचं हसू केव्हाच पळालं होतं. तो पहाटे सहरीला दोन घास खायचा आणि फोनवर घर विकायच्या जाहिराती बघत बसायचा. मरियम जिंकत होती आणि गंमत म्हणजे तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शायमाचा फोन आला. “भाभी, आमच्याच मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघालाय. येऊन तरी बघ!”

मरियम गेली. आणि खोटं कशाला सांगा, टॉवर तिला मनापासून आवडला. खिडकीतून डोंगर दिसत होता, फरशी अशी की पाय ठेवायला जीव होईना. लिफ्टमध्ये खरंच आरसा होता. मरियमने त्यात बघून ओढणी नीट केली, खाली गेली आणि शायमाला काहीतरी विसरल्याचं सांगून पुन्हा वर आली. गुडघ्यांना कळलंसुद्धा नाही. विसरली काहीच नव्हती. रोजा असून ही एवढी थाप तिने मारली, आणि रात्रभर तौबा करत बसली. इतका तो टॉवर तिला आवडला होता.

चांदरात आली तरी सहावी खोली रिकामीच. बदरुद्दीन संध्याकाळी बॅटरी गल्लीत आला, वरच्या खोलीला एक चक्कर मारली आणि खाली उतरला. मग तबरेजला घेऊन मशिदीत निघून गेला. मरियमने बाळाबाईच्या दारात इफ्तार केला. आता डबीतून खजूर यायचा, पण गुळाचा खडा आधी, हे ठरूनच गेलं होतं. थोड्याच वेळात कुठेतरी फटाके वाजले. टर्मिनलच्या बाजूने पोरं ओरडत पळाली, “चांद दिसला! चांद दिसला!”

झालं. रमजान संपला. सकाळची नमाज झाली की टॉवर तिचा.

आणि नेमकं तेव्हाच रूपेशची बाईक गल्लीत शिरली. मागोमाग स्कूटरवर एक मुलगी. तिशीही उलटलेली नसेल, पाठीला सॅक, डोळ्यांखाली थकवा.

“काकी, ही संघप्रिया. नर्स हाय, कामोठ्याच्या हॉस्पिटलात. शेवटचा ट्राय,” रूपेशने हात जोडले.

मरियम धापा टाकत वरच्या खोलीपर्यंत चढली. संघप्रियाने खोली बघितली, छताकडे बघितलं. मरियमने गळणारा कोपरा दाखवला, पाण्याचं सांगितलं, भोंग्यांचं सांगितलं. मुलगी ऐकत होती. मग तिने हेल्मेट खिडकीत ठेवलं.

“काकू, मी एकटी राहते. नाईट ड्युटी असते, पहाटे घरी येते. लोकांना ते चालत नाही. कुणी आडनाव विचारतं आणि मग सांगतं की खोली कालच गेली. मला पाण्याचं आणि भोंग्यांचं काही नाही. एकच सांगा. तुमची मुलगी असती, तर तुम्ही तिला इथे ठेवलं असतं?”

मरियमला एकदम सना आठवली. पुण्याला खोली मिळेपर्यंत सनाने किती दारं वाजवली होती! नाव सांगितलं की दार बंद. रोज रात्री फोनवर रडायची. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने तिला ‘ये गं’ म्हटलं, त्या बाईसाठी मरियम आजही दुवा मागायची.

एक ‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. रोजा सुटला होता, चांद दिसला होता, महिना संपला होता. जीभ मोकळी होती. लिफ्ट, आरसा, डोंगराची खिडकी, गुडघ्यांना कायमचा आराम, सगळं त्या दोन अक्षरांपलीकडे उभं होतं. रूपेश श्वास रोखून बघत होता. खाली बाळाबाई गण्याला झापत होती, “ईदचा बाजार बघायला जायलास तर तबरेजच्या म्हातारीलाबी बांगड्याच्या दुकानावर ने की रे!”

“ठेवलं असतं,” मरियम म्हणाली.

संघप्रियाचा चेहरा असा उजळला की बाई, काय सांगू! “मग मी परवापासून येऊ?”

“परवा कशाला?” मरियम जवळजवळ ओरडलीच. “सकाळी ये! नमाजेआधी सामान आत आलं पाहिजे!”

ईदच्या सकाळी बॅटरी गल्लीत जी धावपळ उडाली ती विचारू नका. संघप्रिया टेम्पोत सामान घेऊन आली, त्यात एक लोखंडी कपाट हत्तीएवढं. जिना अरुंद. रावसाहेबांनी कपाटाकडे नजर टाकून ते किती जड असेल यावर भाषण सुरू केलं, तर बाळाबाई म्हणाली, “वजन नंतर करा, आदी उचला!” गण्या आणि त्याचा मेव्हणा खालून, तबरेज आणि फिटर वरून. मधल्या वळणावर कपाट अडकलं. तेवढ्यात पांढरा कुर्ता, अत्तर, नवी टोपी अशा थाटात बदरुद्दीन आला आणि दृश्य बघून गोठलाच.

“बघत काय उभे राहिलात?” वरून मरियमचा आवाज आला. “हात लावा! नमाज चुकेल!”

बदरुद्दीनने अत्तराच्या हातांनी कपाट धरलं. सगळ्यांनी एकदम जोर केला, तबरेजच्या आईने बिस्मिल्ला म्हटलं, बाळाबाईने शिवी हासडली आणि कपाट वळलं. बदरुद्दीन आणि तबरेज तिथून जे पळत सुटले ते थेट मशिदीत, आणि नमाज गाठली.

परत आले तेव्हा मरियम जिन्याच्या पायरीवर शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन बसली होती. ईदला घर सोडून भाडेकरूंच्या जिन्यात बसलेली मालकीण त्या गल्लीनेही पहिल्यांदा बघितली असेल. सगळी गल्ली वाट्या घेऊन येत होती. मेकॅनिकांनी सुट्टी नसूनही भोंगे बंद ठेवले होते, आणि गण्या तिसऱ्यांदा वाटी घेऊन आला होता.

बदरुद्दीन वाटी घेऊन तिच्याशेजारी बसला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

“हरलीस.”

“हरले तर हरले.”

“आता सांगतोच. तुला रोज्यात खोटं बोलता येत नाही, हे मला ठाऊक नाही होय? इतकी वर्षं संसार केला. इतर वेळी तू भूत, साप, काय काय सांगितलं असतंस! म्हणून तर मी ईदची मुदत घेतली.”

मरियमने चमचा पातेल्यात ठेवला. “असं होय! लबाड कुठले! म्हणून लगेच ‘दाखव’ म्हणालात?” ती रागावायला गेली आणि हसूच आलं. मग तिने शांतपणे विचारलं, “वरची मुलगी खोली बघायला केव्हा आली?”

“काल.”

“काल केव्हा?”

“काल संध्याकाळी. मी मशिदीत होतो, आणि चांद दिसल्याचं...” बदरुद्दीन बोलता बोलता थांबला. त्याची वाटी हवेतच राहिली.

“रोजा सुटला होता,” मरियम म्हणाली. “तिनं विचारलं, तुमची मुलगी इथे ठेवाल का. मी ठेवेन म्हटलं.”

बदरुद्दीन साठी उलटलेला माणूस, पण डोळे असे भरून आले की त्याने टोपी काढून तिनेच पुसले. “मला विचारायला हवं होतं,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “घर घेताना. तुला आधी विचारायला हवं होतं, मरियम.”

“हवंच होतं. पुढच्या वेळी विचारा.” तिने त्याच्या वाटीत आणखी एक डाव घातला. “आणि भाडं यायला लागलं की आधी माझ्या गुडघ्यांचं बघायचं. आपल्या बिल्डिंगमधला खालचा फ्लॅट कुणी बदलून देतंय का विचारा. शायमाचा आरसा मी तिच्याकडे जाऊन बघेन.”

“बघतो. आजच विचारतो.”

“आज नको. आज आधी वरचा कोपरा बघा. जूनच्या आत बुजवला पाहिजे. मी तिला गळतं म्हणून सांगितलंय, पण गळायला नको.”

बदरुद्दीन उठला आणि नव्या कुर्त्यातच जिना चढायला लागला.

“अहो, हलणाऱ्या फरशीवर पाय देऊ नका!” मरियम खालून ओरडली. “आणि ती वाटी खाली ठेवून जा!”